गोल्फ: आप्पांनी लाल टीवरून खेळावं का? आणि आम्ही बाकीच्यांनी?

गिरणाकाठ (जळगाव)

राम राम मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही घरचे चौघं दोन दिवस नाशिककडच्या एका कोर्सवर खेळायला जातोय. मुक्काम, गाडी, जाताना धुळ्यात शेवभाजी कुठं खायची, सगळं एका फोनात ठरलं. घोडं अडलंय ते टीवर.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक होलचा (कोर्सच्या अठरा टप्प्यांपैकी एकाचा) पहिला फटका जिथून मारायचा ती जागा म्हणजे टी. एकाच होलला अशा चार-पाच जागा मागेपुढे आखलेल्या असतात आणि रंगीत खुणांनी ओळखल्या जातात. आमच्या कोर्सवर सगळ्यात मागं काळी, मग निळी, मग पांढरी, सगळ्यात पुढं लाल. कुठला रंग कुठं हे नियमात नाही, क्लबागणिक बदलतं. स्कोअरकार्डावरची अठरा होलची लांबी अशी: काळी ६८००, निळी ६३५०, पांढरी ५८५०, लाल ५०५० यार्ड. पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला अपेक्षित फटके, ७२.

आता माणसं. आप्पा, म्हणजे माझे वडील, अडुसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त. मारतात नाकासमोर सरळ, पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) १५०-१५५ च्या पुढं जात नाही. मी २०० ते २१०. बायकोनं अलीकडेच खेळायला घेतलंय, तिचा चांगला बसलेला फटका १२५. आणि मेव्हणा: पुण्यात आयटीत, वय एकतीस, जिमचं शरीर. बसला तर २६०, पण बसतो कधीमधी. एरवी २३० च्या आसपास, आणि दोनातला एक उजवीकडच्या झाडीत.

मेव्हण्याचं म्हणणं, सगळ्यांनी निळीवरून खेळायचं. "दाजी, ग्रीन फी पूर्ण भरतोय ना? मग कोर्स अर्धा का खेळायचा?" आप्पांचं म्हणणं, "लाल टी बायकांची. मी पांढरीच्या पुढं पाऊल टाकणार नाही." बायको म्हणते मला कुठूनही चालेल, फक्त मागून येणाऱ्यांनी ओरडू नये.

तर, चौघांनी एकाच टीवरून खेळावं की वेगवेगळ्या? ठरवायचं कशावरून, वय, हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) की आणखी काही? आणि वेगवेगळ्या टी घेतल्या तर आमची पैज (हरणाऱ्यानं सगळ्यांना भरीत-पुरी) हिशेबात कशी बसवायची?

केळीबाग

वांगी बामणोदची असतील तर मी पंच म्हणून येतो. टी कुठलीही घ्या.

सातपुडा_४२५

गिरणाकाठ भाऊ, तुम्ही फटक्यांचे आकडे प्रामाणिकपणे दिलेत, त्यामुळे उत्तर सोपं आहे. फक्त ते घरात कुणालाच आवडणार नाही.

अमेरिकेत २०११ साली तिथल्या पीजीए आणि यूएसजीए या दोन गोल्फ संस्थांनी मिळून 'टी इट फॉरवर्ड' नावाची मोहीम काढली. मूळ कल्पना बार्नी अ‍ॅडम्स या गोल्फच्या काठ्या (क्लब) बनवणाऱ्या उद्योजकाची. त्यांनी वय, लिंग, हँडिकॅप सगळं बाजूला ठेवलं आणि एकच विचारलं: तुमचा ड्रायव्हर सरासरी किती जातो? त्यावरून अठरा होलची एकूण लांबी सुचवली. २७५ यार्ड मारणाऱ्यानं ६७०० ते ६९००. २५० वाल्यानं ६२०० ते ६४००. २२५ ला ५८०० ते ६०००, २०० ला ५२०० ते ५४००, १७५ ला ४४०० ते ४६००, १५० ला ३५०० ते ३७००, १२५ ला २८०० ते ३०००.

आता तुमच्या घरावर लावा. मेव्हणा २३०, म्हणजे पांढरी. तुम्ही २०५, म्हणजे लाल आणि पांढरीच्या मधे, आणि खरं तर लालच्या जास्त जवळ. आप्पांना लालसुद्धा लांब आहे, आणि वहिनींना तर फारच लांब. निळी तुमच्यापैकी कुणाचीच नाही.

हे फक्त मोहिमेचं पत्रक म्हणून सांगत नाहीये, एका होलचं गणित मांडून बघा. निळीवर मधल्या लांबीचा पार ४ साधारण ३८० चा धरू. आप्पांचे १५५ गेले, उरले २२५. थ्री वूड (ड्रायव्हरखालोखाल लांब मारणारी काठी) मारली तरी १३५, अजून ९० बाकी. ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर) तिसऱ्या फटक्याला पोचणार, तोही सगळं मनासारखं झालं तर. पार ४ करायचा म्हणजे ग्रीनवर दोन फटक्यांत पोचून दोन 'पट' (ग्रीनवरचे घरंगळते फटके) हा हिशेब; आप्पांच्या वाट्याला तो दिवसभरात एकदाही येणार नाही. तुमचे २०५ गेले की उरले १७५, म्हणजे दर होलला हायब्रिड किंवा वूड, आणि ती ग्रीनवर थांबत नाही. तोच होल पांढरीवर ३५० चा असेल तर तुमच्या हातात १४५ यार्डांचा फटका येतो. लालवरून ३०५ चा असेल तर आप्पा दोन फटक्यांत ग्रीनच्या तोंडाशी.

म्हणून टी निवडताना पहिल्या फटक्याकडे नाही, दुसऱ्या फटक्याला हातात कुठला क्लब येतो तिकडे बघा. टीव्हीवर दिसणारे प्रो सुमारे ३०० यार्ड मारतात आणि पुढचा फटका बहुतेक वेळा छोट्या आयर्ननं (लोखंडी पात्याच्या काठीनं) किंवा वेजनं (अगदी जवळच्या फटक्याच्या काठीनं) खेळतात. तुम्ही दर होलला वूड ओढत असाल तर त्यांच्यापेक्षा अवघड कोर्स खेळताय, आणि तोही त्यांच्या कसबाशिवाय.

पडताळा हवा असेल तर आणखी एक ठोकताळा आहे. पाच नंबरचा आयर्न जितका जातो त्याला ३६ नं गुणा. तुमचा १४५ असेल तर ५२२०. बघा, तिथंच येतंय.

बॅकटी_पुणे

दाजी, ताईनं धाग्याची लिंक पाठवली. मीच तो मेव्हणा. 'उजवीकडच्या झाडीत' हे सगळ्या जगाला सांगायची गरज नव्हती.

पण मुद्दा आहे. सोप्या टीवरून खेळत राहिलं तर खेळ सुधारणार कसा? लांब आयर्न मारायची वेळच आली नाही तर ते शिकणार कधी? आणि मी २६० मारलेले आहेत, त्याचा व्हिडिओ आहे.

भुसावळ जंक्शन

व्हिडिओ एका फटक्याचा असतो, स्कोअरकार्ड अठरा होलचं.

सातपुडा_४२५

@बॅकटी_पुणे, प्रश्न रास्त आहे, टोमण्यात घालवायला नको.

लांब आयर्न शिकायचे तर रेंजवर (सरावाच्या मैदानात) शिका. कोर्सवर मागच्या टीवरून तुम्ही एकच प्रसंग पुन्हापुन्हा खेळता: लांबून सुटलेला, ग्रीनपासून चाळीस यार्ड आधी पडलेला चेंडू, मग एक चिप (छोटा उचललेला फटका). बारा-पंधरा फुटांवरून बर्डीचा (पारपेक्षा एक कमीचा) पट मारायची वेळ येते का? ती न आल्यामुळे तो पट कसा घाबरवतो हेही कळत नाही. ७५ च्या आसपास स्कोअर आणायला वेगळंच कसब लागतं, आणि ते पुढच्या टीवरून लवकर अंगात येतं. माझ्या ओळखीतले एक प्रशिक्षक मुलांना हाच दंडक घालतात: या टीवरून ८० च्या आत आलास की एक टी मागं. तोवर नाही.

तुमच्या बाबतीत लांबी ही अडचणच नाही. दोनातला एक झाडीत जातो ना? तो निळीवरून गेला काय, पांढरीवरून गेला काय, झाडीतच जाणार. निळीवरून फक्त तिथून बाहेर आल्यावर जास्त चालावं लागेल.

मीरा_धुळे

इतका वेळ वाचत होते. 'लाल टी बायकांची' हे वाक्य आलं म्हणून लिहिते आहे.

पहिली गोष्ट, टी कुणाच्या नावावर नसते. हँडिकॅपच्या पद्धतीत प्रत्येक टीला पुरुषांसाठी वेगळं आणि स्त्रियांसाठी वेगळं रेटिंग (अवघडपणाचा आकडा) देता येतं. म्हणजे लालवरून पुरुषानं खेळणं आणि पांढरीवरून बाईनं खेळणं, दोन्ही व्यवस्थेत धरलेलं आहे. काही ठिकाणी रंगच काढून टाकलेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात लाँगलीफ नावाचा कोर्स आहे, तिथं टीला एक ते सात आकडे आहेत आणि रेंजवर रंगीत खांब रोवलेत. तुमचा चेंडू कुठल्या खांबापर्यंत उडतो ते बघायचं, त्यावरून टी. मग 'बायकांची', 'म्हाताऱ्यांची' हा विषयच उरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती पुरुषांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच कोर्सवर लाल टी बायकांसाठी पुरेशी पुढं नसतेच. १२५ यार्ड मारणाऱ्या बाईला ५०५० म्हणजे काय, तर मेव्हण्यांना दहा हजार यार्डांच्या आसपासचा कोर्स देण्यासारखं. वर सातपुडांनी दिलेलंच प्रमाण लावा आणि गुणाकार करून बघा. काही होलवर तर टीसमोर नाला किंवा पाणी असतं आणि पलीकडचा फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) १३० यार्डांवर सुरू होतो. तिथं वहिनी कितीही सरळ मारोत, चेंडू पाण्यात. नवीन खेळणाऱ्या किती बायका खेळ सोडतात याचं एक कारण हे आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांना वाटतं आपल्याला जमत नाही. आखणीच त्यांच्यासाठी नाही, हे कुणी सांगत नाही.

तुमच्या सहलीसाठी साधा उपाय: पार ४ आणि पार ५ वर वहिनींनी लाल टीवरून मारूच नये. फेअरवेवर ग्रीनपासून २०० किंवा २५० यार्डांवर खूण असते किंवा कॅडीला (बॅग वाहणाऱ्याला) माहीत असतं. तिथं चेंडूची खुंटी (तिलाही टीच म्हणतात) खोचून सुरुवात करावी. काही क्लब आता तिथं रीतसर टी आखतात, नसेल तर तुम्ही आखा. मैत्रीतल्या राउंडला कोण विचारतंय?

आणि लांबीचा फार अभिमान असणाऱ्यांसाठी: टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं. त्या स्पर्धेत ती सगळ्यात कमी लांब मारणाऱ्यांपैकी एक होती.

गिरणाकाठ

मीराताई, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यांना विचार, हे मला आधी का नाही सांगितलं." आता मी काय उत्तर देऊ.

तापीपार (न्यू जर्सी, मूळचा शिरपूर)

मीराताईंना +१.

इकडे सकाळी गर्दीच्या वेळी मार्शल (कोर्सवर देखरेख करणारा) गाडी घेऊन फिरतो आणि मागं पडलेल्या ग्रुपला सांगतो, एक टी पुढं या. कुणी चिडतं, बहुतेक जण येतात. पण खेळ संथ होतो तो नुसत्या लांबीमुळे नाही. मागच्या टीवरून चेंडू हरवण्याचं प्रमाण वाढतं, शोधायला वेळ जातो. नियमानं शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच होती. तरी लोक दहा मिनिटं गवत तुडवत असतात.

रानमेवा

जिथं उन्हाळ्यात लोक टँकरच्या रांगेत उभे राहतात तिथं गोल्फवर चर्चा. छान चाललंय.

तापीपार

रानमेवा, मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. कोर्सला सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं, काही ठिकाणी वापरतातही. पण बघा, या धाग्याशी त्याचा थेट संबंध आहे. कोर्स लांब करत न्यायचा हट्ट जितका, तितकी जमीन, गवत आणि पाणी जास्त. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल १९९७ साली ६९२५ यार्ड होतं, २०२३ ला ७५४५. मास्टर्ससारखी मोठी स्पर्धा भरवणाऱ्या क्लबला ते परवडतं. आपल्याकडे कुणी असलेल्या फेअरवेवर चार खुणा रोवून टी पुढं आणली तर एक तांब्या पाणीही जास्त लागत नाही.

संपादक मंडळ

पाण्याच्या विषयावर वेगळा धागा काढल्यास स्वागत आहे. इथं टीवर बोलूया.

भुसावळ जंक्शन

आता आप्पांबद्दल, कारण मी त्यांच्याच वयाचा आहे, चार वर्षांनी मोठाच.

मी रेल्वेत असताना खेळायला लागलो. तेव्हा लष्कराच्या आणि रेल्वेच्या काही छोट्या कोर्सवर हिरवळीची ग्रीन नसायची, तेल घातलेल्या वाळूचे 'ब्राउन' असायचे. पट मारायच्या आधी एक पोरगा ओढणीनं वाळू सारखी करून द्यायचा. अशा कोर्सवर खेळलेल्या माणसाला टीच्या रंगाचा अहंकार असायचं काही कारण नाही. तरी होता. साठी ओलांडल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एकानं पुढून खेळायला सुरुवात केली तेव्हा आम्हीच त्याला चिडवलं होतं.

आप्पांना वयाचं कारण सांगू नका. 'तुमचं आता वय झालं' म्हणालात की संपलं, ते काळ्या टीवर जाऊन उभे राहतील. तालमीत वजनी गट असतात, सत्तर किलोच्या पैलवानाला नव्वदच्या गटात उतरवलं नाही म्हणून कुणी त्याचा अपमान झाला म्हणत नाही. तसं सांगा. किंवा काहीच सांगू नका आणि सगळ्यांनाच पुढं न्या. हे जास्त सोपं. मेव्हणे आणि तुम्ही पहिले नऊ होल लालवरून खेळा. बॅकटी_पुणे, तुम्हीच पुढाकार घ्या, "आप्पा, आज मला ड्रायव्हर न काढता खेळून बघायचंय" म्हणा. घरातला सगळ्यात तगडा माणूस लालवर उभा राहिला की आप्पा निमूट येतील.

आणि तुमच्यासाठी ते फुकट जाणार नाही. २३० मारणाऱ्यानं ३०५ च्या होलवर ड्रायव्हर काढला तर चेंडू नको तितका जवळ जातो, अर्ध्या वेजचा अवघड फटका उरतो. आयर्ननं १८० मारलात तर १२५ उरतात, तुमचा आवडता नऊ नंबर. होल कसा मागून पुढं विचार करून खेळायचा हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, छोट्या कोर्सनं शिकवलं.

नऊ होलच्या कोर्सवर दोन फेऱ्या करताना पहिली फेरी पांढरीवरून आणि दुसरी निळीवरून करतात, म्हणजे तोच होल वेगळा वाटतो. तुम्ही दोन राउंड खेळणार आहात, तोच प्रयोग उलटा करून बघा.

बॅकटी_पुणे

काका, ड्रायव्हर न काढता? नवा घेतलाय हो.

भुसावळ जंक्शन

मग पार ५ वर काढा. चार आहेत ना.

कापूसवेचा

माझा एक व्यवहारी प्रश्न. हे सरासरी अंतर मोजायचं कसं? माझ्याजवळ रेंज नाही. मूग-उडीद निघून मोकळं झालेल्या रानात मारतो. तिथं २४० सहज जातात.

सातपुडा_४२५

जातात नाही, घरंगळतात :) कोरड्या जमिनीवर चेंडू पडल्यावर चाळीस-पन्नास यार्ड पळतो. पाणी दिलेल्या फेअरवेवर तो इतका पळत नाही. कोर्सचं रेटिंग काढताना साधारण वीस यार्ड घरंगळ धरलेली असते. तेव्हा चेंडू पडतो कुठं ते बघा. एक जण पुढं उभा करा (बाजूला, अगदी समोर नाही, डोकं महत्त्वाचं आहे), पडल्या जागी खूण करायला सांगा आणि फोनच्या नकाशात दोन बिंदूंमधलं अंतर घ्या. त्यात वीस मिळवा. मीटरमध्ये आलं तर १०० मीटर म्हणजे १०९ यार्ड.

दहा-बारा चेंडू मारा. सगळ्यात लांबचे दोन विसरा. झाडीत गेलेले धरा, ते सोडायचे नाहीत. लोक सोडतात ते नेमके हेच.

गिरणाकाठ

हवामानाचा किती फरक पडेल? नाशिक आपल्यापेक्षा बरंच उंचावर आहे. चेंडू जास्त जाईल ना?

तापीपार

जाईल, पण त्यावर टी बदलू नका. नाशिक साधारण ६०० मीटरवर, जळगाव २०० च्या आसपास. हवा विरळ असल्यानं हजार फुटांना एक टक्का आणि थोडं वर इतका फायदा होतो. तुमच्या २०५ वर तीन-चार यार्ड. उलट दिवाळीनंतर नाशिकच्या सकाळी गार असतात, थंड हवेत चेंडू कमी जातो आणि अंगही मोकळं झालेलं नसतं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत मारलेले आकडे तिथं धरू नका. दवानं गवत ओलं असेल तर घरंगळही गेली. पहिले तीन-चार होल तुमचे नेहमीपेक्षा लांबच वाटतील.

पावसाळ्यात तर मी डोळे झाकून एक टी पुढं जातो. ओल्या फेअरवेवर चेंडू पडतो तिथंच रुततो.

खतावणी

पैजेचा हिशेब कुणी सांगितला नाही, तो मी सांगतो. धंदा सीएचा, सवय जाणार नाही.

२०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत सुरू झाली. आपल्याकडे ती इंडियन गोल्फ युनियनमार्फत चालते. प्रत्येक टीला दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे स्क्रॅच (शून्य हँडिकॅपच्या) खेळाडूला तिथून साधारण किती फटके लागतील. स्लोप म्हणजे त्याच्या तुलनेत साध्या खेळाडूला ती टी किती जास्त जाचते. हा ५५ ते १५५ मधे असतो, ११३ प्रमाण मानतात. सूत्र असं: तुमचा इंडेक्स (हँडिकॅपचा मूळ आकडा) गुणिले स्लोप, भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवायचं.

समजा एकाचा इंडेक्स १८ आहे. (पुढचे रेटिंगचे आकडे उदाहरणापुरते, खरे तुमच्या कोर्सच्या कार्डावर मिळतील.) निळी ७०.८ आणि १२७ असेल तर त्याला १९ फटके मिळतात. पांढरी ६८.४ आणि १२१ असेल तर १६. लाल ६४.९ आणि ११० असेल तर फक्त १०. म्हणजे तोच माणूस निळीवरून लालवर आला की त्याचे नऊ फटके कापले जातात.

'पुढून खेळतो म्हणून जिंकतो' ही तक्रार इथं संपते. पुढं येण्याची किंमत हिशेबात आधीच वसूल झालेली असते. तेव्हा मेव्हण्यांनी पांढरीवरून, आप्पांनी लालवरून खेळून पैज लावायला काहीच हरकत नाही. फक्त प्रत्येकानं आपापल्या टीचे फटके घ्यायचे. वहिनींनी लालवरचं स्त्रियांचं रेटिंग वापरायचं, पुरुषांचं नाही, दोन्हीत बराच फरक असतो.

माझी शिफारस स्टेबलफोर्डची. हँडिकॅप धरून पार केला तर दोन गुण, बोगी (पारपेक्षा एक जास्त) एक, बर्डी तीन, दोन किंवा जास्त वर गेलं तर शून्य. एखादा होल पुरता बिघडला तर चेंडू उचलायचा आणि पुढं चालायचं. नवख्या माणसाला दडपण येत नाही.

वाचनमात्र

रोचक. वाखु (वाचनखूण) साठवली. मी गोल्फ खेळत नाही, तरी खतावणींचा प्रतिसाद दोनदा वाचला.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना बैठक झाली. आप्पांना वजनी गटाचं सांगितलं. ते म्हणाले, "हे कुणी लिहिलं? शहाणा माणूस दिसतो." भुसावळ काका, तुमच्या नावावर जमा.

तूर्त ठरलंय ते असं. पहिल्या दिवशी पहिले नऊ होल सगळे लालवरून, मेव्हण्याचा ड्रायव्हर पार ५ सोडून डिकीत. बायको मीराताईंनी सांगितल्याप्रमाणे फेअरवेवरून. आप्पांसाठी सातपुडा भाऊंचं गणित धरून लांबचे तीन पार ४ निवडलेत, तिथं तेही फेअरवेवरून मारतील. मात्र हे त्यांना तिथं गेल्यावरच सांगायचं ठरलंय. दुसऱ्या दिवशी मेव्हणा पांढरीवर, मी लांबचे होल लालवरून आणि बाकीचे पांढरीवरून.

दोन शंका उरल्यात. एकाच ग्रुपमधे वेगवेगळ्या टी असतील तर आधी कोण मारतो? आणि चुकून दुसऱ्याच रंगाच्या टीवरून मारलं तर?

भुसावळ जंक्शन

मागच्या टीवाले आधी. मानपानाचा प्रश्न नाही, पुढं उभ्या असलेल्या माणसाला चेंडू लागू नये म्हणून. मेव्हण्यांचं मारून होईपर्यंत आप्पा आणि सूनबाईंनी लाल टीकडे चालायला लागू नये. विशेषतः उजव्या बाजूनं.

खतावणी

दुसऱ्या शंकेचं: फटक्यांच्या खेळात (स्टेबलफोर्डही त्यातच आला) चुकीच्या टीवरून मारलं तर दोन फटक्यांचा दंड. तो फटका धरायचा नाही, योग्य टीवर परत येऊन मारायचं. स्पर्धेत हे दुरुस्त न करता पुढच्या होलची सुरुवात केली तर नाव बाद; स्टेबलफोर्डमध्ये फक्त त्या होलचे गुण शून्य. मॅच प्लेमध्ये (होलागणिक हारजीत ठरते त्या खेळात) दंड नाही, पण समोरचा तो फटका रद्द करायला लावू शकतो. आणि दोन खुणांच्या रेषेच्या पुढं चेंडू ठेवायचा नाही, मागं मात्र दोन क्लबच्या लांबीइतकी मोकळीक असते. पटर सोडून तुमच्याजवळचा सगळ्यात लांब क्लब मोजायला धरतात. सपाट जागा शोधायला ती वापरा, बहुतेक लोक विसरतात.

आता मला सांगा, आप्पांचा आणि वहिनींचा इंडेक्स आहे का?

गिरणाकाठ

नाही. माझा आणि मेव्हण्याचाच आहे.

खतावणी

मग पहिल्या दिवशी पैज नको. रीतसर इंडेक्स मिळायला किमान ५४ होलचे स्कोअर लागतात, तेवढे तुमच्याकडे नसणार. पहिल्या दिवशी दोघांचे सगळे होल नीट लिहून ठेवा, त्यावरून दुसऱ्या दिवशीसाठी घरगुती आकडा काढून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फी नाही.

बॅकटी_पुणे

मग पहिल्या दिवशीचं जेवण कुणाकडे?

मीरा_धुळे

ज्यानं सगळ्यांना निळीवर न्यायचं म्हटलं त्याच्याकडे.